अकराच्या शेजारचा ठिपका

मंगरूळपीरला बदली झाली तेव्हा खोली बघायला गेलो, तर घरमालकांनी माझी नोकरी विचारली नाही, गाव विचारलं नाही, घरात मटण शिजणार का तेही विचारलं नाही. ओसरीवर बसून अडकित्त्याने सुपारी कातरता कातरता त्यांनी एवढंच विचारलं, "वय किती तुमचं?"

"एकेचाळीस."

अडकित्ता थांबला. मालकांनी मला पायापासून टकलापर्यंत असं न्याहाळलं, की बैलबाजारात उभा आहे असं मला वाटलं. मग म्हणाले, "एकेचाळीस मूळ संख्या हाये. कोणाच्याच पाढ्यात येत नाई. राहा तुमी."

मी गंमत म्हणून विचारलं, "आणि मी चाळीसचा असतो तर?"

"चाळीसले दोनानं भाग जाते, चारानं जाते, पाचानं, आठानं, दहानं जाते. ज्याले एवढ्या जणायनं भाग जाते, त्याचा भरोसा काय, साहेब?"

मला ती गंमत वाटली. पुढल्या श्रावणात मी बेचाळीसचा झालो आणि कळलं, की ती गंमत नव्हती. मालक माझ्याशी भांडले नाहीत, खोली सोडा म्हणाले नाहीत. फक्त माझ्याकडे बघून उसासे टाकू लागले. घरातला एखादा हुशार मुलगा वाया गेल्यावर बाप जसा बघतो, तसं ते मी नळावर पाणी भरताना बघत. शेवटी मालकीणबाईंनी, म्हणजे काकूंनी, माझ्यादेखत त्यांना सुनावलं, "अवो, भाड्यानं माणूस ठेवला का आकडा? त्याच्यापाशी तोंड पाडून काहून बसता?" त्यानंतरच्या श्रावणात, त्रेचाळीस लागलं त्या सकाळी, मालकांनी स्वतःच्या हाताने जिन्याच्या पहिल्या पायरीवर शिऱ्याची ताटली आणून ठेवली.

पहिल्याच पायरीवर, कारण ते जिना चढत नसत. हा त्यांचा नियम होता. "मालक जिना चढला की भाडेकरू सामान बांधते," असं ते म्हणत. काही सांगायचं असलं की अंगणात उभं राहून मान वर करून हाका मारीत, आणि मी वरच्या गॅलरीतून नाटकातल्या राजासारखा उत्तरं देत असे. एवढ्या वर्षांत त्यांनी आपल्याच घराचा वरचा मजला पाहिला नव्हता.

उंच, वाळका देह, पायजमा, बंडी, कानाला पेन, आणि दोन्ही गुडघे कायम चुन्याने पांढरे. गल्लीत नवा आलेला माणूस समजे, हे कुठल्या तरी देवाला रोज गुडघ्यांवर चालत जातात. तरुणपणी अकोल्याला गणित घेऊन कॉलेज सुरू केलं होतं, ते अर्ध्यावर सुटलं. गणित मात्र सुटलं नाही. शेत बटईने, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, दिलेलं. दिवस मोकळा. त्या मोकळ्या दिवसात त्यांना एकच गोष्ट बघायची होती: मूळ संख्यांचं साइन.

आता हे साइन म्हणजे काय, ते मला शाळेत तीन मास्तरांनी शिकवलं आणि तिघांनाही अपयश आलं. मालकांनी ते उरुसातल्या आकाशपाळण्यावर एका संध्याकाळी शिकवलं. दर्ग्याजवळच्या मैदानात हाताने फिरवायचा पाळणा आला होता. पाळणेवाल्याला त्यांनी कसं पटवलं देव जाणे, पण त्यांनी पाळण्याच्या एका आऱ्याएवढी, म्हणजे मधल्या आसापासून घेरापर्यंतच्या दांड्याएवढी, दोरी कापली, ती घेरावर ठेवून खडूच्या खुणा केल्या आणि जमलेल्या लोकांना समजावलं.

"एक दोरीभर पाळणा फिरला का झाला एक. अकरा दोऱ्या फिरला का झाले अकरा. आता मी बसतो. पाळणा अदुगर मधल्या आसाच्या उंचीवर आणा. तिथून फिरवा. थांबल्यावर मी आसापेक्षा किती वर हावो नाईतर किती खाली, ते त्या आकड्याचं साइन. बस. याच्यात भ्यायचं काय हाये?"

मालक बसले. पाळणेवाल्याने ढकलायला सुरुवात केली, आणि उरुसातली सगळी गर्दी एका सुरात मोजू लागली. अकराला पाळणा थांबला, तर मालकांची बैठक बरोब्बर तळाशी. इकडे नाही, तिकडे नाही. ते पाय खाली टेकवून असे उतरले जसे विमानातून उतरले आहेत.

"अकरा," ते म्हणाले. "एकदम बुडाले. याच्याइतकं खाली कोणी जात नाई."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग त्यांनी मला बसवलं आणि पाळणेवाल्याच्या कानात काहीतरी सांगितलं. गर्दी पुन्हा मोजू लागली. मोजणी तेहतीसवर थांबली तेव्हा मी अगदी शेंड्यावर होतो. पाळणेवाल्याने खाली पाचर ठोकली आणि "साब, चाय पीके आता" म्हणून तो निघून गेला.

"मालक," मी वरून ओरडलो, "मला काहून इथं आणलं?"

"तेहतीसले तीनानं भाग जाते," मालक शांतपणे खालून म्हणाले. "मूळ संख्या तिथं राह्यत नाई. जागा रिकामी होती. आन तुमी सध्या बेचाळीसचे."

पाळणेवाल्याने दोन कप चहा प्यायला असावा. तोवर मी दर्ग्याचा घुमट, टिनाची छपरं, बसस्टँड आणि माझ्या खाली उभं राहून हसणारं अर्धं मंगरूळपीर सावकाश पाहून घेतलं. पण साइन काय असतं हे मी त्यानंतर विसरलो नाही.

तर मालकांचा नाद असा: दोन, तीन, पाच, सात, अकरा, तेरा, अशी एकेक मूळ संख्या घ्यायची, कॅल्क्युलेटरवर तिचं साइन काढायचं आणि त्या उंचीवर एक ठिपका ठेवायचा. संख्या जेवढी मोठी, तेवढा तिचा ठिपका उजवीकडे. असे शेकडो ठिपके. त्यांची खात्री होती, की या एकलकोंड्या आकड्यांच्या मनात काहीतरी चित्र आहे आणि पुरेसे ठिपके झाले की ते दिसेल.

मी एकदा म्हणालो, "मालक, हे कॉम्प्युटरवर डोळ्याची पापणी लवते तेवढ्यात होईल."

"मशीन दाखवून मोकळी होते," ते म्हणाले. "पण पाह्याचं कोणी?"

तरी मी ऑफिसातल्या एकाकडून तसं चित्र काढून घेतलं आणि मोबाइलवर दाखवलं. एवढ्याशा पडद्यावर लाखभर ठिपके. सगळा पडदा काळा झालेला. मालकांनी तो हातभर लांब धरला, जवळ आणला, उलटा केला. म्हणाले, "कढई करपली का हो?"

पहिली मोठी मोहीम त्यांनी जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर केली. पानाला पान चिकटवून ओसरीभर कागद पसरला. आणि एका दुपारी घरातून अशी आरोळी आली, की शेजारच्या शेळ्या दावं तोडून पळाल्या. ठिपके ओळीत आले होते. सरळ, आडव्या, पेरणीच्या तासांसारख्या ओळी. मूळ संख्या सोयाबीनसारख्या रांगेत उभ्या होत्या. मालकांनी तडक पेढे आणले आणि गल्लीतल्या दर दारात जाऊन वाटले. "सापडलं," एवढंच म्हणत होते.

संध्याकाळी कॉलेजातले गणिताचे सर पेढा खायला आले. त्यांनी ओळी पाहिल्या, कॅल्क्युलेटर हातात घेतला, आणि चष्मा वर करून त्याच्या कोपऱ्यातलं बारीक अक्षर वाचलं.

"मालक, हा अंशांवर ठेवलेला आहे."

"मंग?"

"मंग काय, अंशांत तीनशे साठला फेरा पुरा होतो. ठिपके पुन्हा पुन्हा त्याच उंचीवर पडणार. तुम्ही मूळ संख्या सोडून बसच्या पाट्यांचे नंबर टाकले असते, तरी ओळी आल्या असत्या. तुमची ती आऱ्याच्या दोरीची मोजणी यात झालेलीच नाही."

मालकांनी पेढ्याचं खोकं सरांच्या पुढे सरकवलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून ते पुन्हा गल्लीत निघाले, आणि ज्या ज्या दारात पेढा दिला होता त्या त्या दारात उभं राहून सांगितलं, "कालचे पेढे चुकीचे होते."

शेवटच्या घरातल्या म्हातारीने त्यांची समजूत घातली, "पेढे बराबर होते, बापा. तुहंच काईतरी चुकलं असन."

असा हा माणूस. आपण चुकलो हे दारोदार सांगणारा. म्हणूनच पुढे त्याने शब्द दिला, तेव्हा आम्ही सगळे घाबरलो.

झालं असं, की कागद पुरेना म्हणून मालकांनी अंगण धरलं. घरासमोर चांगलं ऐसपैस सिमेंटचं अंगण होतं. दरवर्षी पाऊस उघडला की ते त्याच्यावर गेरू सारवत आणि चुन्यात काडी बुडवून ठिपके ठेवायला लागत. उंची मोजायला तुरीच्या वाळक्या झाडाची खुणा केलेली लांब काठी, म्हणजे तुराटी, अंतर मोजायला सुतळी. कॅल्क्युलेटर आता बरोबर लावलेला. त्याच्या बटणावर चिकटपट्टी मारलेली, की पुन्हा कोणी हलवू नये. सगळे ठिपके झाले की ते सुतळीने जोडत. आणि तिथे सगळा घोळ होई. ते क्रमाने जोडत: दोनवरून तीन, तीनवरून पाच, पाचवरून सात. संख्या ज्या क्रमाने येतात त्याच क्रमाने जुळवायच्या, यात तडजोड नाही. सुतळी खालून वर, वरून खाली, पुन्हा खालून वर धावे, आणि शेवटी अंगणात जे उरे त्याला काकू कावळ्याचं घरटं म्हणत. दोन वर्षं घरटंच झालं. मालक दोन्ही वेळा एकच म्हणाले, "ठिपके कमी पडले."

तिसऱ्या वर्षी काकूंचा संयम संपला. काकूंचं माहेर धनजचं, भरल्या खळ्याचं. अंगण हे धान्यासाठी असतं हे त्यांना कोणी शिकवावं लागलं नव्हतं. दसऱ्याला सोयाबीन घरी आली आणि अंगणात ठिपके होते म्हणून ती रस्त्यावर वाळत घालावी लागली. तिच्यावरून शेलूबाजारची जीप गेली. जाता जाता नाही. जीपवाल्याने काकूंना नमस्कार करायला थांबवली, ती सोयाबीनवरच.

काकू बाहेर आल्या. गल्ली जमली. मालक गुडघ्यांवर बसून सातशे एक ठेवत होते.

"आइका," काकू म्हणाल्या. "लक्ष्मीपूजनाच्या सांजेपर्यंत मले या ठिपक्यायतून काई दाखवा. फूल दाखवा, मोर दाखवा, काईबी दाखवा. नाई दिसलं तर कॅल्क्युलेटर कोठीत, अंगण माहं, आन तुमी शेतात."

"दिसन," मालक म्हणाले.

"आन नाई दिसलं तं?"

मालक उठले, तुळशीपाशी गेले आणि तिच्यावर हात ठेवून म्हणाले, "तं पुन्हा एक ठिपका ठेवणार नाई."

मी गॅलरीतून हे ऐकलं आणि माझा चहा कडू झाला. चुकीच्या पेढ्यासाठी गल्लीभर फिरलेला माणूस तुळशीची शपथ मोडणार नव्हता. आणि सुतळीचं घरटं तर होणारच होतं. मला तेव्हा श्रावणात चव्वेचाळीस लागलं होतं, मालक माझ्याशी धड बोलत नव्हते, तरी मी जाऊन म्हणालो, "मालक, यंदा वेगळं काहीतरी जुळवून बघा."

"क्रम म्हणजे क्रम, साहेब," ते म्हणाले. "आपल्याले जे पायजे ते दिसावं म्हणून आकड्यायले ओढायचं नसते."

दिवाळीच्या आदल्या दिवशी शेवटचा ठिपका पडला. गेरूच्या तांबड्या अंगणात पांढरे शेकडो ठिपके. वरून बघावं तर कोणी मुरमुऱ्याचं पोतं फोडलं आहे. लक्ष्मीपूजनाच्या सकाळी मालक सुतळी सोडवायला बसले, तेवढ्यात काकूंना मंगरूळातला झेंडू पसंत पडला नाही. शेलूबाजारचाच हवा. सणाच्या दिवशी कोण वाद घालणार? मालक निघाले. जाताना बजावून गेले, "कोणी काई पुसू नका."

काकूंनी काही पुसलं नाही. हे मी आजही शपथेवर सांगेन.

झालं इतकंच, की शेजारच्या दोघी ताटं घेऊन आल्या, अंगणाच्या कडेला थबकल्या आणि त्यातली एक म्हणाली, "काकू, लक्ष्मीच्या दिवशी ठिपके असे उघडे? रांगोळी न जुळवता दारात ठेवत नसतात."

"रांगोळी नाई ते. ह्यायचं गणित हाये."

"लक्ष्मीले काय समजते ते गणित हाये म्हणून?"

काकू विचारात पडल्या. सांज झाली की दारात लक्ष्मी येणार आणि दारात अर्धवट रांगोळी. हे त्यांच्या हाताला सोसवेना. त्यांनी पदर खोचला आणि पांढऱ्या रांगोळीची चिमूट घेतली. तिघी तीन बाजूंनी बसल्या. ज्या ठिपक्याला जो ठिपका जवळ, त्याला तो जुळवायचा. रेघ कोपरा न करता हात वळेल तशी पुढे न्यायची. गप्पा सासवांच्या चालल्या होत्या. मी गॅलरीत उभा, तोंडात दात घासायचा ब्रश, आणि मनात एकच विचार: मालक आले की आज या घरात दिवाळी नाही, दुसरंच काहीतरी आहे.

आणि बघता बघता माझ्या तोंडातला ब्रश तसाच राहिला.

उन्हं चढायच्या सुमारास जीप थांबली. मालक झेंडूचं गाठोडं घेऊन फाटकातून आत आले आणि जागच्या जागी उभे राहिले. गाठोडं हातातून सुटलं. शेजारच्या दोघींनी ताटं उचलली आणि भिंतीला लागून उभ्या राहिल्या.

"कोणी जुळवलं?" मालकांनी विचारलं.

"म्या," काकू म्हणाल्या.

"क्रमानं?"

"कायच्या क्रमानं? जो जवळ त्याले जुळवला. रांगोळी अशीच काढतात. तुमी पुसू नका म्हणाले, म्या काई पुसलं नाई."

मालक पायरीवर बसले. सुतळीचा गुंडा त्यांच्या पायाशी होता. रागावले असते तर बरं, असं त्यांचं तोंड झालं होतं. जमिनीवर बसलेल्या माणसाला त्या अंगणात रेघांची नुसती गुंतागुंत दिसत होती.

"मालक," मी वरून म्हणालो, "वर या."

"मी जिना चढत नाई."

"आज चढा. मी सामान बांधणार नाही."

ते आले. एकेका पायरीवर थांबत, कठडा धरत आले, आणि गॅलरीत माझ्या शेजारी उभं राहून त्यांनी पहिल्यांदा आपलं अंगण वरून पाहिलं.

खाली लाटा होत्या. काही डावीकडून वर चढणाऱ्या, काही खाली उतरणाऱ्या, एकमेकींना छेदत जाणाऱ्या, सावकाश वळणाऱ्या लाटा; वाऱ्यावर पसरलेल्या मासे धरायच्या जाळ्यासारख्या.

ते कठड्यावर बोट आपटत मोजू लागले. "वीस," म्हणाले. नंतर एक लाट धरून बोटाने पुढे जात, तोंडातल्या तोंडात पुटपुटले, "तेरा. एकशे एक. दोनशे तेहतीस. दोनशे सत्त्याहत्तर..." प्रत्येक ठिपका त्यांना नावाने ठाऊक होता. आणि अचानक थांबले.

"चव्वेचाळीस," ते म्हणाले.

"हो," मी म्हणालो, "श्रावणातच लागलं."

"तुमचं नाई, साहेब. यायचं. एका लाटेवरचे सगळे चव्वेचाळीसच्या पटीनं दूर हायेत." त्यांनी कपाळावर हात मारला. "बावीस छेद सात. शाळेत घोकलं होतं. चव्वेचाळीस दोऱ्या म्हणजे पाळण्याचे सात फेरे, जवळजवळ पुरे. केसभर चुकते. त्या केसभरानं ठिपका जरासा सरकते, पुढचा आणखी सरकते. त्याचीच लाट होते. चव्वेचाळीस लाटा पायजे होत्या. सम आकड्यायच्या बावीस गेल्या, कारण तिथं दोनाशिवाय मूळ कोणी नाई. अकराच्या पाढ्यातल्या दोन गेल्या. राह्यल्या वीस." ते माझ्याकडे वळले. तीन महिन्यांत प्रथमच नीट माझ्याकडे बघितलं. "चव्वेचाळीस काई वाईट आकडा नाई, साहेब."

खालून काकूंनी विचारलं, "दिसते का काई?"

"दिसते," मालक म्हणाले.

"फूल का मोर?"

"लाट."

काकूंनी विचार केला. "चालते," त्या म्हणाल्या. "कॅल्क्युलेटर राहू द्या मंग बाहेर."

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण मालकांची नजर अंगणाच्या अगदी खालच्या डाव्या कोपऱ्यात गेली होती आणि त्यांच्या भुवया जवळ येत होत्या. तिथे, सगळ्यांच्या खाली, अकराचा ठिपका होता; पाळण्यावरून मालक उतरले होते तोच. त्याच्या शेजारी आणखी एक ठिपका होता. दोघांना जोडणारी छोटीशी रेघ होती.

ते जिना उतरून खाली गेले. मी मागोमाग. एव्हाना जमलेली गल्ली भिंतीला लागून उभी राहिली.

"हा दुसरा कोणी ठेवला?"

"म्या," काकू म्हणाल्या. "तो एकटा पडला होता. कोणाशीच जुळेना."

"जुळणारच नाई. त्याच्या लाटेवर जो येते तो अकराच्या पाढ्यातलाच. तिथं दुसरा मूळ कधीच येत नाई."

"म्हणून का लक्ष्मीच्या दिवशी त्याले एकटं ठेवाचं?"

मालक गुडघ्यांवर बसले. दोन ठिपक्यांच्या मध्ये सुतळी धरून अंतर मोजलं. पुन्हा मोजलं. काकूंनी बाकीच्या रांगोळीच्या अंदाजाने ठेवलेला तो ठिपका चव्वेचाळीसच्याच अंतरावर पडला होता.

"पंचावन्न हाये हा," मालक म्हणाले. "पाचानं भाग जाते याले. अकरानंबी जाते."

"जाऊ द्या न. भाग जाते म्हणून दारातून हाकलता का कोणाले?"

मालकांनी मान वर करून काकूंकडे पाहिलं, मग माझ्याकडे. सगळी गल्ली कोपऱ्यातल्या चुन्याच्या भांड्याकडे आणि त्याच्या शेजारच्या, चुकलेला ठिपका पुसायच्या ओल्या फडक्याकडे बघत होती. चुकीचे पेढे सगळ्यांना आठवत होते.

मालकांनी हात पुढे केला. फडकं सोडून दिलं. चुन्यात बोट बुडवलं आणि रांगोळीचा तो पुसट पंचावन्न त्यांनी बाकीच्या ठिपक्यांएवढा, नीट, ठळक करून दिला.

"दिवाळीपुरता," ते म्हणाले.